घराचं अप्रेझल

अप्रेझल हा शब्द ऐकला की आपल्या जमातीच्या पोटात गोळा येतो. वर्षभर रात्री जागून रिलीज काढायचे आणि मार्च-एप्रिलमध्ये मॅनेजरने छोट्या मीटिंग रूममध्ये बसवून सांगायचं, "काम उत्तमच आहे रे, पण रेटिंग तीनच बसतंय." तर मंडळी, अमेरिकेत घर घेताना किंवा विकताना असंच आणखी एक अप्रेझल असतं. ते घराचं. आणि त्यातही रेटिंग कमी आलं की आपल्यासारखीच चिडचिड होते, फक्त आकडा बराच मोठा असतो.

होतं काय, की घेणारा ५,००,००० डॉलर द्यायला तयार असतो, विकणारा तेवढ्यात विकायला तयार असतो, करारावर सह्या झालेल्या असतात. मग बँकेच्या सांगण्यावरून एक तिसराच माणूस घरी येतो. खोल्या मोजतो, फोटो काढतो, तळघरात डोकावतो आणि निघून जातो. काही दिवसांनी रिपोर्ट येतो: घराची किंमत ४,७०,००० डॉलर. बँक कर्ज देते ते करारातली रक्कम आणि अप्रेझलची रक्कम यांतल्या कमी आकड्यावर. म्हणजे ८० टक्के कर्ज धरलं, तर ४,००,००० ऐवजी ३,७६,००० च मिळणार. उरलेले २४,००० डॉलर घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून घालायचे, नाहीतर विकणाऱ्याने किंमत उतरवायची, नाहीतर व्यवहार मोडायचा. न्यू जर्सी किंवा बे एरियात घर घेतलेला मित्र असेल तर त्याला विचारून बघा. त्याच्यावर ही वेळ आली नसली, तरी धाकधूक नक्की झाली असेल.

(आपल्याकडेही होमलोन घेताना बँकेचा व्हॅल्युअर येतोच. रेडी रेकनर मात्र वेगळा. तो सरकारला मुद्रांक शुल्क किती घ्यायचं हे ठरवायला लागतो. दोन्हींची गल्लत नको.)

घेणारा खूश, विकणारा खूश, मग हा तिसरा माणूस आला कुठून? आणि तो नक्की कोणाचा? याची गोष्ट सुमारे नव्वद वर्षांची आहे आणि ती वाचली की कमी आलेल्या आकड्याचं काय करायचं हेही बरंच स्पष्ट होतं.

सुरुवात १९३० च्या महामंदीपासून करू. त्याआधी अमेरिकेत घरकर्ज म्हणजे आजच्यासारखं तीस वर्षांचं प्रकरण नव्हतं. तीन-पाच वर्षांची मुदत, तोवर बऱ्याचदा फक्त व्याज भरायचं, शेवटी मुद्दल एकरकमी फेडायची किंवा कर्ज नव्याने काढायचं. बँका किमतीच्या निम्म्याच्या आसपास कर्ज देत. मंदी आली, नोकऱ्या गेल्या, नवं कर्ज द्यायला बँकांकडे पैसा नव्हता. १९३३ मध्ये दररोज सुमारे हजार घरं जप्त होत होती. त्या जूनमध्ये रूझवेल्ट सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन, म्हणजे एचओएलसी काढली. तिचं काम असं, की बुडू घातलेलं कर्ज बँकेकडून आपल्याकडे घ्यायचं, बदल्यात बँकेला बाँड द्यायचे, आणि घरमालकाला पंधरा वर्षांचे सोपे हप्ते बांधून द्यायचे. तीन वर्षांत सुमारे १० लाख कर्जं तिने अशी घेतली.

आता अडचण अशी, की घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यायची परवानगी होती. पण किंमत कुठली? बाजार तर मेलेला. कोणी घरच घेत नव्हतं तर भाव कसला कळणार! मग त्यांनी तीन आकडे काढून त्यांची सरासरी घ्यायचं ठरवलं. एक, आजचा बाजारभाव. दोन, तशीच जागा घेऊन तसंच घर बांधायचा खर्च, त्यातून घसारा वजा. तीन, गेल्या दहा वर्षांच्या भाड्यावरून निघणारी किंमत. मंदीच्या आधीची चांगली वर्षं त्या भाड्यात येत असल्याने आकडा बाजारभावापेक्षा थोडा सढळ निघायचा. तो तसा निघणं सोयीचंही होतं, कारण आकडा फार कमी आला तर बँक आपलं कर्ज एचओएलसीला द्यायला तयार होईना. म्हणजे बघा, इतक्या मोठ्या प्रमाणावर जेव्हा पहिल्यांदा घरांची अप्रेझल्स झाली, तेव्हाच आकडा कामाच्या गरजेप्रमाणे वाकत होता. त्या वेळी वाकला तो लोकांच्या भल्यासाठी.

पुढच्या पायरीवर तो दुसऱ्या बाजूला वाकला. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए आली. ती स्वतः कर्ज देत नव्हती, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवायची. विमा उतरवायचा तर जोखीम मोजायला हवी, आणि जोखीम मोजायची तर पद्धत हवी. फ्रेडरिक बॅबकॉक हा घरांच्या मूल्यांकनावर पुस्तकं लिहिलेला गृहस्थ तिथे अंडररायटिंगचा प्रमुख झाला आणि त्याच्या देखरेखीखाली एक जाडजूड मॅन्युअल तयार झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर पक्कं स्कोअरिंग मॉडेल. प्रत्येक वस्तीला गुण. त्यात ४० टक्के वजन वस्तीच्या आर्थिक स्थैर्याला आणि २० टक्के 'प्रतिकूल प्रभावांपासून संरक्षण' या सदराला. हे प्रतिकूल प्रभाव म्हणजे काय? कारखान्यांचा धूर, वर्दळ हे होतंच. पण त्याच यादीत वेगळ्या वंशाचे लोक वस्तीत येणं हेही होतं. ते येऊ नयेत म्हणून खरेदीखतातच तशी अट घालावी, अशी शिफारस सरकारी मॅन्युअल करत होतं.

हे एका माणसाच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. होमर हॉइट नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९३३ मध्ये शिकागोच्या जमिनींच्या शंभर वर्षांच्या भावांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. काम अफाट, आजही नाव घेतात. पण त्यात कुठल्या वंशाचे, कुठल्या देशाचे लोक राहायला आले की जमिनीच्या भावावर कसा परिणाम होतो, याची उतरत्या क्रमाची यादी आहे. वर इंग्रज, जर्मन, स्कॉट. तळाला कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन. पुढच्याच वर्षी हॉइट एफएचएत गेला.

याच काळात, १९३५ ते १९४० मध्ये, एचओएलसीने दोनशेहून अधिक शहरांचे रंगीत नकाशे केले. हिरवी वस्ती सर्वांत चांगली, मग निळी, मग पिवळी आणि शेवटी लाल. इतिहासकार केनेथ जॅक्सनने हे नकाशे उजेडात आणले आणि 'रेडलायनिंग' म्हटलं की आज तेच डोळ्यांसमोर येतात. अलीकडच्या संशोधनात मात्र एक दुरुस्ती झाली आहे. एचओएलसीची बहुतेक कर्जं नकाशे तयार व्हायच्या आधीच देऊन झाली होती, आणि त्यांतली पुष्कळ नंतर लाल ठरलेल्या वस्त्यांमध्येच होती. कर्ज नाकारायचं मोठं काम एफएचएने आपल्या मॅन्युअलने केलं. तपशील बदलला, परिणाम तोच. ज्या वस्तीत विमा नाही तिथे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून भाव नाही. आणि भाव नाही म्हटल्यावर अप्रेझर म्हणणार, बघा, मी सांगितलंच होतं!

प्रोग्रॅमरला हे लगेच कळावं. मागचं आउटपुट पुढचं इनपुट म्हणून दिलं, की पहिल्या दिवशी घातलेली चूक दर फेरीला आणखी 'खरी' होत जाते.

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात असं ठरवलं, की खरेदीखतातल्या अशा वांशिक अटी कोर्टामार्फत अंमलात आणता येणार नाहीत. (या अटी फक्त कृष्णवर्णीयांसाठी नव्हत्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या कित्येक खतांमध्ये आशियाई लोकांनाही मनाई होती. आज तिथल्या उपनगरांत ज्यांच्या घरी गणपती बसतात, त्यांनी हे माहीत करून घ्यायला हरकत नाही.) १९६८ मध्ये फेअर हाउसिंग कायदा आला. तरी अप्रेझरांच्या क्रमिक पुस्तकांतलं जुनं शहाणपण काही गेलं नाही. १९७६ मध्ये न्याय खात्याने अप्रेझरांच्या एका प्रमुख संस्थेवरच दावा लावला. १९७७ मध्ये तडजोड झाली आणि वस्तीत एकाच वंशाचे लोक असले तरच भाव टिकतो हे गृहीतक चुकीचं आहे, असं त्या संस्थेने अधिकृतपणे मान्य केलं. मॅन्युअल निघाल्यापासून चाळीस वर्षांनी.

इथवर आकडा खाली ओढला जात होता. १९८० च्या दशकात तो वर ओढायची पाळी आली. अमेरिकेत सेव्हिंग्ज अँड लोन नावाच्या संस्था होत्या, साधारण आपल्या पतसंस्थांसारख्या. त्यांच्यावरचे निर्बंध सैल झाले आणि त्यांनी जमीन-बांधकामात बेधडक पैसा ओतला. टेक्ससमध्ये डॅलसजवळ मेस्किट गावची एम्पायर सेव्हिंग्ज हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तीच जमीन आपापसात पुन्हा पुन्हा विकायची, दर वेळी भाव चढवायचा, आणि प्रत्येक चढ्या भावाला अप्रेझरचा कागद जोडायचा. १९८४ मध्ये ती संस्था बंद पडली. पुढे तर रांगच लागली. १९८६ ते १९९५ मध्ये १,०४३ संस्था बुडाल्या आणि करदात्यांना सुमारे १२४ अब्ज डॉलरचा भुर्दंड बसला.

तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की केस कापायला लायसन्स लागतं, पण घराची किंमत सांगायला बहुतेक राज्यांत काहीच लागत नाही. १९८७ मध्ये व्यवसायातल्या संस्थांनी मिळून अप्रेझल फाउंडेशन काढलं आणि समान नियमावली केली. ऑगस्ट १९८९ मध्ये फिरिया नावाचा कायदा आला. फेडरल देखरेखीखालच्या मोठ्या व्यवहारांसाठी राज्याचं लायसन्स किंवा सर्टिफिकेट असलेलाच अप्रेझर आणि त्या नियमावलीप्रमाणेच रिपोर्ट, हे बंधनकारक झालं. पॅच टाकला, सिस्टिम पुन्हा सुरू.

बग दुसरीकडून आला. लायसन्स तर झालं, पण अप्रेझरला काम कोण देणार? मॉर्गेज ब्रोकर किंवा बँकेचा लोन ऑफिसर. आणि त्यांचं कमिशन कशावर? व्यवहार पुरा होण्यावर. ज्या अप्रेझरचा आकडा 'जमत नाही' त्याला पुढचं काम मिळत नाही, इतकं सोपं गणित. हे अप्रेझरांना कळत नव्हतं असं नाही. २००० पासून त्यांच्या संघटनांनी या दबावाविरुद्ध एक अर्ज फिरवला आणि २००७ पर्यंत त्यावर ११,००० अप्रेझरांच्या सह्या झाल्या. आर्थिक संकटाच्या चौकशी आयोगाने आपल्या अहवालात याची नोंद घेतली आहे. २००३ च्या एका पाहणीत ५५ टक्के अप्रेझरांनी किंमत फुगवण्यासाठी दबाव आल्याचं सांगितलं होतं. २००६ पर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेलं. हेही त्याच अहवालात आहे. पुढचं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २००८ मध्ये आपल्यापैकी कित्येकांचे प्रोजेक्ट बंद झाले, बेंचवर बसावं लागलं, त्या साखळीच्या एका टोकाला हे फुगवलेले रिपोर्ट होते.

नोव्हेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी एका मोठ्या अप्रेझल कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की वॉशिंग्टन म्युच्युअल बँकेच्या दबावाखाली कंपनीने हवे तसे आकडे देणारे अप्रेझर निवडले. त्या चौकशीच्या रेट्यात फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांच्याशी करार झाला आणि १ मे २००९ पासून नवी आचारसंहिता लागू झाली. ज्याचं कमिशन कर्जावर अवलंबून आहे त्याने अप्रेझर निवडायचा नाही. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने हे तत्त्व कायद्यातच घातलं. अप्रेझर आणि व्यवहार यांच्यामध्ये भिंत उभी राहिली.

आणि लगेच आरडाओरडा सुरू झाला: अप्रेझल कमी येतायत! बिल्डर ओरडले, एजंट ओरडले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. बँका आता मधल्या मॅनेजमेंट कंपन्यांमार्फत काम देऊ लागल्या. त्या कंपन्या फीमधला हिस्सा कापून घेत, आणि कधी कधी त्या भागाची फारशी माहिती नसलेला अप्रेझर पाठवत. त्यातून शेजारची जप्त झालेली घरं मातीमोल भावाने विकली जात होती आणि तुलनेला तीच धरली जात. पण दुसरी बाजूही आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक अप्रेझल्स करारातल्या किमतीइतकी किंवा तिच्या वरच येतात, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अप्रेझरला करारातला आकडा आधीच दाखवलेला असतो, म्हणून आकडा तिकडे झुकतो. म्हणजे कमी आलेला आकडा हा निदान कोणाच्या तरी हो ला हो न म्हटल्याचा पुरावा असू शकतो. किंवा निष्काळजीपणाचा. दोन्हींतलं काय, हे रिपोर्ट वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, रिपोर्ट वाचा. त्याची प्रत मिळणं हा हक्क आहे. २०१४ पासून लागू झालेल्या नियमानुसार बँकेने ती आपणहून आणि फुकट द्यायची असते, सर्वसाधारणपणे व्यवहार पुरा होण्याच्या किमान तीन कामाचे दिवस आधी. त्यात तुलनेसाठी घेतलेली घरं असतात, बहुधा तीन. ती खरंच तुलनेची आहेत का? हायवेच्या पलीकडची आहेत का? सहा महिने जुनी आहेत का? एखादी बेडरूम मोजायची राहिली आहे का? नवं छप्पर, नवं स्वयंपाकघर धरलंय का?

चूक सापडली तर अप्रेझरला फोन करून "जरा वाढवा ना" म्हणायचं नाही. वरची सगळी भिंत त्यासाठीच बांधली आहे. बँकेमार्फत लेखी फेरविचार मागायचा. ही सोय आधीही होती, पण प्रत्येक बँकेची तऱ्हा वेगळी. २०२४ मध्ये फेडरल नियामकांनी त्यासाठी मार्गदर्शन काढलं आणि फॅनी मे, फ्रेडी मॅकने आपल्या कर्जांसाठी पद्धत ठरवून दिली: कर्जदाराला एका रिपोर्टवर एकदाच फेरविचार मागता येतो आणि पर्यायी घरं पाचपर्यंत सुचवता येतात. एकच गोळी आहे, तेव्हा नेम धरून. माजी सैनिकांच्या व्हीए कर्जात तर याहून शहाणी सोय आहे. आकडा कमी येणार असं दिसलं की रिपोर्ट देण्याआधीच अप्रेझर तसं कळवतो आणि आणखी पुरावा द्यायला दोन दिवस मिळतात. (आपल्या मॅनेजरांनी हे शिकायला हवं.)

आकडा बरोबरच निघाला तर मग व्यवहाराची बोलणी. विकणाऱ्याने काही उतरवायचं, घेणाऱ्याने काही वाढवायचं, हा सगळ्यात जुना तोडगा. घेणाऱ्याला रोख काढणं शक्य नसेल तर कर्ज ४,००,००० चंच ठेवता येतं का ते विचारायचं. ४,७०,००० वर ते सुमारे ८५ टक्के होतं, म्हणजे कर्जविम्याचा हप्ता मागे लागतो. दुसऱ्या बँकेकडे गेलं तर नवं अप्रेझल होतं. एफएचए कर्जात मात्र जुना आकडा मुदत संपेपर्यंत घराला चिकटून राहतो, हे विकणाऱ्याने लक्षात ठेवावं. आणि करारात अप्रेझलची अट ठेवली असेल तर इसारा परत घेऊन बाहेर पडता येतं. २०२०-२१ च्या तेजीत शर्यत जिंकायला पुष्कळांनी ही अट सोडून दिली. ती अट काढून घर मिळतं हे खरं, पण मग मधली दरी आपल्याच खिशाने भरायची. विकणाऱ्यासाठी एक साधा उपाय: अप्रेझर यायच्या दिवशी केलेल्या कामांची तारखांसह यादी आणि आसपासच्या विक्रीची माहिती हातात द्यावी. माहिती देणं हा दबाव नाही.

इथे कोणी म्हणेल, माणूसच काढून टाका, अल्गोरिदम लावा. झिलोने २००६ पासून घराघराचा अंदाज इंटरनेटवर टाकला आणि पुढे त्या जोरावर स्वतः घरं घ्यायलाही लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद करावा लागला, कारण घरं घेतली त्या भावाने विकली जाईनात. शिवाय अल्गोरिदमही शिकणार कशावरून? झालेल्या विक्रीवरूनच ना!

आणि झालेल्या विक्रीत तो जुना नकाशा अजून आहे. २०२१ मध्ये फ्रेडी मॅकने २०१५ ते २०२० मधली १ कोटी २० लाखांहून अधिक अप्रेझल्स तपासली. करारापेक्षा कमी आकडा येण्याचं प्रमाण गोऱ्या वस्त्यांत ७.४ टक्के, कृष्णवर्णीय वस्त्यांत १२.५ टक्के आणि लॅटिनो वस्त्यांत १५.४ टक्के निघालं. मॅन्युअल कधीच रद्द झालं, फेअर हाउसिंग कायद्यालाही तोवर पन्नासहून अधिक वर्षं झाली होती. सर्वसाधारण अमेरिकन कुटुंबाची सर्वांत मोठी पुंजी म्हणजे त्याचं घर. मुलांच्या कॉलेजची फी, धंद्याचं भांडवल, म्हातारपणाची सोय, सगळं त्यातूनच निघतं. तिथे दर पिढीला थोडं थोडं कमी मोजलं गेलं की काय होतं, हे चक्रवाढ व्याज कळणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच चुकीचा आकडा आला तर "जाऊ दे, काय कटकट" म्हणून सोडू नये असं मला वाटतं. आज तुमचं घर ज्या भावाने जाईल, तोच भाव उद्या शेजाऱ्याच्या रिपोर्टमध्ये तुलनेला लावला जाणार आहे.